ड्रोनचे फोटो, उसाचं शिवार आणि पुराची रेषा : उंचीचा अचूक नकाशा कसा तयार होतो?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या फोनवर एक मेसेज हमखास फिरत असतो. राजाराम बंधारा, पाणी पातळी इतके फूट, इतके इंच. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५५ फुटांच्या पुढे गेला होता. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंदच राहिला. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच.

हा मेसेज वाचल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात खरा प्रश्न वेगळाच असतो. बंधाऱ्यावर ४७ फूट असेल तर माझ्या दारात किती? सुतारवाड्यात पाणी आधी शिरतं, शाहूपुरी कुंभार गल्लीत नंतर, हे जुन्या लोकांना अनुभवाने माहीत असतं. पण नवीन राहायला आलेल्या माणसाला, किंवा प्लॉट घ्यायला निघालेल्या माणसाला हे कसं कळणार? त्यासाठी जमिनीच्या उंचीचा नकाशा लागतो, आणि तोही चांगला अचूक.

आजकाल असे नकाशे ड्रोनने काढलेल्या फोटोंतून बनतात. हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात ते इतके भारी दिसतात की बघणारा लगेच विश्वास ठेवतो. पण दिसायला भारी असणं आणि उंचीला बरोबर असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आज आपण तेच समजून घेऊ : साध्या फोटोतून उंची निघते कशी, आणि ती चुकते कुठे.

सॅटेलाइटचा नकाशा फुकट मिळतो, मग ड्रोन कशाला?

रास्त प्रश्न आहे. फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा बहुतेक भूभाग मोजला. एसआरटीएम नावाचा तो डेटा आजही कुणीही डाउनलोड करू शकतं. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या फोटोंवरून बनलेला उंचीचा डेटा ‘भुवन’ पोर्टलवर मिळतो.

अडचण आहे ती बारकाव्याची. एसआरटीएमचा एक चौकोन साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो. म्हणजे एवढ्या जागेतल्या सगळ्या घरांना, गल्लीला आणि गटारीला मिळून उंचीचा एकच आकडा. त्यात तो आकडाही काही मीटरनी इकडेतिकडे असू शकतो.

आता हे आपल्या बंधाऱ्याच्या फुटांशी लावून बघा. इशारा पातळी आणि धोका पातळी यांच्यात फरक आहे ४ फुटांचा, म्हणजे साधारण १.२ मीटर. ज्या नकाशाची चूकच काही मीटरची आहे, त्याला इशारा आणि धोका यातला फरक दिसणारच नाही. डोंगररांगा, धरणांची पाणलोट क्षेत्रं अशा कामाला तो डेटा उत्तम आहे. गल्लीतल्या पुराला नाही.

जमीन जितकी सपाट तितकी ही चूक महाग पडते. समजा, नदीकाठच्या एका भागात २०० मीटर चाललं की जमीन १ मीटर चढते. इथे उंचीत फक्त ३० सेंटिमीटर, म्हणजे एका फुटाची चूक झाली, तर पाण्याची कड नकाशावर ६० मीटर सरकते. अख्खी एक गल्ली पुरात जाते किंवा पुरातून बाहेर येते, तीही फक्त कागदावर. पन्हाळ्याच्या उतारावर हीच एक फुटाची चूक रेषेला पाऊलभरही हलवणार नाही.

यात प्रश्न पैशाचा आणि घरादाराचा आहे. महाराष्ट्रात पूररेषा दोन असतात. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लालच्या मध्ये अटी घालून परवानगी. रेषा ६० मीटर सरकली की कुणाच्या तरी जागेचा भाव पडतो, नाहीतर कुणीतरी बिनधास्त पुरात घर बांधतो.

फोटोतून उंची येते कुठून?

कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसा. रस्त्याकडेचे विजेचे खांब सपासप मागे पळतात, जरा लांबचा ऊस सावकाश सरकतो आणि जोतिबाचा डोंगर जवळजवळ जागेवरच असतो. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. ड्रोनची सगळी करामत एवढ्याच गोष्टीवर उभी आहे.

ड्रोन जमिनीपासून १०० मीटरवर नांगरटीसारख्या समांतर रेषांत उडतो आणि कॅमेरा खाली धरून फोटो काढत जातो. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर जवळजवळ ८० टक्के चढलेला असतो, शेजारच्या रेषेतल्या फोटोवर ७० टक्के. त्यामुळे जमिनीवरचा एकच दगड दहा-पंधरा फोटोंत, दर वेळी थोड्या वेगळ्या कोनातून दिसतो. घराचं छप्पर कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून फोटोगणिक जास्त सरकतं. अंगण लांब, म्हणून कमी. या सरकण्याच्या फरकातून उंची काढतात.

सॉफ्टवेअर आधी प्रत्येक फोटोत ओळखता येतील असे हजारो ठिपके शोधतं : कौलाचा कोपरा, रस्त्यावरचा डाग, बांधावरचा दगड. मग हे ठिपके दुसऱ्या फोटोंत कुठे आहेत ते जुळवतं. तुमचा फोन पॅनोरमा जोडतो तेव्हा साधारण हेच करतो. पुढची पायरी मात्र मला इंजिनीअर म्हणून अजूनही थक्क करते. फोटो काढताना कॅमेरा नेमका कुठे होता, किती कलला होता, भिंग किती वाकडं बघत होतं आणि जमिनीवरचा प्रत्येक ठिपका अवकाशात कुठे आहे, हे सगळं एकाच वेळी अज्ञात धरून लाखो समीकरणं एकत्र सोडवली जातात. उत्तर जरा बदलायचं, चूक कमी झाली का बघायचं, पुन्हा बदलायचं. गेमिंग लॅपटॉपचा पंखा जेट विमानासारखा का ओरडतो, ते इथे कळतं.

थोडा हिशेब करू. १ इंची सेन्सर आणि २० मेगापिक्सेलचा नेहमीचा सर्व्हे ड्रोन १०० मीटरवरून उडवला, तर फोटोतला एक पिक्सेल जमिनीवरचे साधारण २.७ सेंटिमीटर व्यापतो. एका फोटोत येते अंदाजे १५० बाय १०० मीटर जागा. वर सांगितल्याप्रमाणे फोटो एकमेकांवर चढवायचे, तर दर २० मीटरला एक फोटो आणि दर ४५ मीटरला एक रेषा. म्हणजे १ चौरस किलोमीटरला हजार-अकराशे फोटो झाले. हे सगळं नीट जमलं तर उंचीतली चूक पिक्सेलच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे ५ ते ८ सेंटिमीटरवर आणता येते. आडव्या मापापेक्षा उभं माप नेहमीच जरा कच्चं राहतं, कारण शेजारच्या दोन फोटोंतला कोन लहान असतो आणि कोनातली बारीक चूक उंचीत मोठी होऊन उतरते.

पण ‘नीट जमलं तर’ या तीन शब्दांतच सगळी मेख आहे.

जमिनीवरच्या खुणा

ड्रोनमध्ये जीपीएस असतो, मग अजून काय पाहिजे, असं वाटेल. साध्या ड्रोनचा जीपीएस तुमच्या फोनसारखाच असतो, काही मीटर इकडेतिकडे. उंचीत तर त्याहून वाईट. त्याच्या भरवशावर बनवलेल्या मॉडेलचा आकार छान येतो, घर घरासारखं, बांध बांधासारखा. पण अख्खं मॉडेल कधी दोन-चार मीटर वर तरंगत असतं, कधी जमिनीत रुतलेलं असतं, तर कधी एका बाजूला कललेलं.

यावरचा उपाय जुना आणि अगदी साधा आहे. ड्रोन उडवण्याआधी जमिनीवर खुणा ठेवायच्या. दीड-दोन फुटांचे काळे-पांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. प्रत्येक खुणेच्या मधोमध काठी उभी करून आरटीके जीपीएसने तिची जागा आणि उंची दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत मोजायची. मग सॉफ्टवेअरला सांगायचं, ‘हा ठिपका फोटोत दिसतोय ना, त्याची खरी उंची ही. बाकी सगळं याला धरून बसव.’

आरटीके एवढं अचूक कसं? जवळच एखादं स्थिर केंद्र असतं, ज्याची जागा आधीपासून नेमकी माहीत असते. उपग्रहांच्या संकेतात या क्षणी किती चूक येते आहे, ते हे केंद्र ओळखतं आणि तेवढी दुरुस्ती मोबाइल इंटरनेटवरून तुमच्या यंत्राला पाठवतं. सर्व्हे ऑफ इंडियाने अशा केंद्रांचं जाळं उभारलं आहे, त्याला कॉर्स म्हणतात. आता काही ड्रोनमध्येच आरटीके बसवलेलं असतं. त्यामुळे खुणा कमी लागतात, पण शून्य नाही.

खुणा कुठे ठेवायच्या यालाही अक्कल लागते. उन्हात फिरायला नको म्हणून सगळ्या खुणा डांबरी रस्त्यालगत एका ओळीत ठेवल्या, तर मॉडेल त्या ओळीभोवती फळीसारखं डावीकडे-उजवीकडे कलायला मोकळं राहतं. रस्त्यावर उंची बरोबर, पण शिवाराच्या टोकाला अर्ध्या मीटरने चूक. म्हणून चारही कडांना आणि मधोमध खुणा हव्यात. चिखल तुडवत शेवटच्या बांधापर्यंत जाणारा पोरगा या कामात ड्रोन पायलटइतकाच महत्त्वाचा असतो.

आणखी एक फसवी चूक म्हणजे ताटली. फक्त सरळ खाली बघणारे फोटो घेतले आणि भिंगाचा वाकडेपणा सॉफ्टवेअरला नीट कळला नाही, तर सपाट शेतही नकाशात ताटलीसारखं मधे खोल किंवा पालथ्या ताटलीसारखं मधे फुगीर येतं. डोळ्याला हे अजिबात कळत नाही. थोडे फोटो कॅमेरा तिरका धरून घेतले आणि मधोमध खुणा ठेवल्या की ही चूक बरीचशी जाते.

खुणा म्हटल्यावर गावाकडच्या वाचकांना स्वामित्व योजना आठवली असेल. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या या योजनेत सर्व्हे ऑफ इंडियाचे ड्रोन गावठाणावरून उडतात आणि त्यावरून घरांची मालमत्ता पत्रकं तयार होतात. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात त्याआधीच हा प्रयोग झाला होता. ड्रोन येण्याआधी घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारतात, कारण वरून दिसणारी भिंत म्हणजे हद्दच असं नसतं. तिथे प्रश्न हद्दीचा, म्हणजे आडव्या मापाचा असतो. पुराला उभं माप लागतं. त्यामुळे ‘आमच्या गावचा ड्रोन नकाशा झालाय की’ एवढ्यावरून त्यातली उंचीही पूर अभ्यासाच्या तोडीची आहे असं धरता येत नाही.

तुमच्या फोनमधली सत्तर मीटरची गडबड

आता एक गंमत करून बघा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. पण अँड्रॉइड फोनवरची काही जीपीएस ॲप्स उघडली तर ती चारशे ऐंशीच्या आसपास आकडा दाखवतात. फोन बिघडलेला नाही. त्याचा शून्य वेगळा आहे.

जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत अंडाकृतीपासून. समुद्राची सपाटी मात्र तशी गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात कुठे वस्तुमान जास्त, कुठे कमी, म्हणून गुरुत्वाकर्षण बदलतं आणि पाण्याची नैसर्गिक पातळीही त्याप्रमाणे वर-खाली होते. या पातळीला जिऑइड म्हणतात. जगातला तिचा सगळ्यात मोठा खड्डा आपल्याच दारात, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. तिथे ती अंडाकृतीच्या शंभर मीटरहून जास्त खाली जाते. आपल्या भागात हा फरक साठ ते ऐंशी मीटरच्या दरम्यान असतो.

अँड्रॉइडमध्ये ॲपला मिळणारी नेहमीची उंची ही अंडाकृतीपासूनची असते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची वेगळी सोय अँड्रॉइड १४ मध्ये आली. आयफोन आधीपासूनच समुद्रसपाटीची उंची देतो. म्हणून एकाच टेबलावर ठेवलेले दोन फोन सत्तर मीटरचा फरक दाखवू शकतात.

ड्रोनच्या नकाशात हाच घोळ होतो, आणि फरक सत्तर मीटरचा असेल तर तो निदान पटकन लक्षात तरी येतो. घोळ बारीक असला की जास्त त्रास. एकाने जगभराचं जिऑइड मॉडेल वापरलं, दुसऱ्याने सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या बेंचमार्कवरून उंची आणली, तर दोघांत काही डेसिमीटरचा फरक राहू शकतो. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर, पण शेजारी ठेवले की मधे पायरी पडते. भारतातल्या बेंचमार्कचं पहिलं देशव्यापी जाळं १९०९ मध्ये पुरं झालं. नऊ ठिकाणी भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी काढली आणि तिथून दुर्बीण व पट्टी घेऊन पायी-पायी देशभर उंची नेली. जुन्या इमारतींच्या पायरीवर, पुलांच्या दगडावर ‘जीटीएस बीएम’ अशी खूण कोरलेली दिसली, तर ती त्याच कामाची.

आता राजाराम बंधाऱ्याकडे परत या. तिथले ४३ फूट कुठून मोजलेले? त्या पट्टीच्या स्वतःच्या शून्यापासून. हा शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे ते कळलं, आणि ड्रोनचा नकाशाही त्याच समुद्रसपाटीला बांधलेला असला, तरच ‘४७ फुटाला माझ्या दारात किती’ या प्रश्नाला हात घालता येतो. तेही अर्धंच, कारण वाहतं पाणी बादलीतल्या पाण्यासारखं सपाट नसतं. प्रयाग चिखलीला, जिथे भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी एकत्र येऊन पंचगंगा होते, तिथलं पाणी बंधाऱ्यापेक्षा उंच असणार, तरच ते खाली वाहील. एकाच उंचीवर रेषा मारून ‘इथपर्यंत पूर’ असं रंगवलेले नकाशे व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांची मुख्य चूक हीच.

ड्रोनला ऊस म्हणजे डोंगर

आता येतो आपल्या कोल्हापूरचा खास प्रश्न. ड्रोनला जमीन दिसत नाही. वरून जे दिसतं ते दिसतं : छप्पर, झाड, गाडी, गवत. अशा जशाच्या तशा पृष्ठभागाच्या उंचीला डीएसएम म्हणतात. घरं-झाडं काढून उरलेल्या उघड्या जमिनीच्या उंचीला डीटीएम. पुराला डीटीएम लागतो.

घर किंवा आंब्याचं झाड काढणं सॉफ्टवेअरला फार जड जात नाही. भोवती जमीन दिसत असते, मधेच काहीतरी उभं राहिलेलं असतं. ते कापायचं आणि भोवतालच्या जमिनीवरून मधली जमीन अंदाजाने जोडायची. पण पंचगंगेच्या काठी उभा असतो ऊस. दहा-बारा फुटांचा, एकसंध, एकरच्या एकर. वरून बघितलं तर सपाट, हिरवं पठार. सॉफ्टवेअरला वाटतं हीच जमीन. म्हणजे नेमकं जे शिवार पुरात सगळ्यात आधी बुडतं, तेच नकाशात तीन मीटर उंच, कोरडं ठणठणीत दिसतं. इशारा आणि धोका यातल्या फरकाच्या दुपटीहून जास्त चूक एकट्या उसाने केली.

म्हणून कधी उडवायचं हे कशाने उडवायचं याहून महत्त्वाचं ठरतं. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि शिवार तुकड्या-तुकड्याने मोकळं होतं. अडचण अशी की सगळं कधीच एकदम मोकळं होत नाही. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. इकडे तोड झालेल्या रानात पाचट पसरलेलं, तिकडे खोडवा फुटून गुडघ्याला आलेला. त्यामुळे दोनदा उडवून, प्रत्येक वेळी मोकळी सापडलेली रानं एकत्र जोडणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे उभ्या उसातून बांध, पाणंद, चारी अशा उघड्या पट्ट्या निवडून तिथल्या उंचीवरून मधली जमीन काढणं. सपाट रानात हे बऱ्यापैकी चालतं.

लायडार हा महागडा पर्याय. तो लेझरचे ठोके सोडतो आणि त्यातले काही पानांच्या फटीतून जमिनीला लागून परत येतात. झाडीत तो फोटोपेक्षा कितीतरी सरस. पण दाट उसात त्याचेही बरेचसे ठोके पाल्यातच अडकतात. २०२० पासून आयफोनच्या प्रो मॉडेलमध्येही लायडार आहे, फक्त त्याची पोहोच पाचेक मीटर. खोलीचं माप काढायला ठीक.

ऊस सोडला तरी दोन गोष्टी फोटोला दिसत नाहीत. एक, पाणी. नदीचा पृष्ठभाग दर फोटोत हलतो, चमकतो, त्यामुळे ठिपके जुळतच नाहीत आणि नकाशात नदीच्या जागी भोक तरी पडतं किंवा खडबडीत कचरा तरी येतो. पाण्याखालचा तळ तर दिसतच नाही, तो होडीतून सोनारने वेगळा मोजावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे मोऱ्या. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावामुळे पाणी अडतं का, यावर कोल्हापुरात दर पुरानंतर वाद रंगतो. ड्रोनच्या नकाशात असा भराव म्हणजे सलग भिंत. तिच्या पोटातून जाणारी मोरी वरून कशी दिसणार? कुणीतरी खाली उतरून प्रत्येक मोरीची रुंदी, उंची मोजून ती नकाशात कोरली नाही, तर कॉम्प्युटरवरचं पाणी भरावामागे तुंबून राहतं आणि वादातल्या एका बाजूला फुकटचा पुरावा मिळतो. माझ्या मते ड्रोनचे नकाशे सगळ्यात जास्त दिशाभूल करतात ती इथे.

नकाशा खरा की नुसताच सुंदर?

तपासायची पद्धत सोपी आहे. जमिनीवर मोजलेल्या खुणांपैकी काही सॉफ्टवेअरपासून लपवून ठेवायच्या. नकाशा तयार झाल्यावर त्या जागांची नकाशातली उंची आणि खरी उंची यांची तुलना करायची. समजा, पाच ठिकाणी फरक आला : अधिक ४, उणे ६, अधिक ३, अधिक ८ आणि उणे ५ सेंटिमीटर. प्रत्येकाचा वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या. उत्तर येतं साधारण साडेपाच सेंटिमीटर. याला आरएमएसई म्हणतात. गंमत बघा, नुसती सरासरी काढली असती तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन १ सेंटिमीटरही चूक दिसली नसती.

पण उलटंही होतं. पाचही फरक अधिक ३० च्या आसपास आले, तर नकाशाचा आकार उत्तम आहे आणि शून्य चुकलाय. म्हणून एक आकडा बघून भागत नाही, फरकांची यादी बघावी लागते. आणि ज्या खुणांवर मॉडेल बसवलं त्याच खुणांवर तपासून ‘अचूकता २ सेंटिमीटर’ असं रिपोर्टात लिहिणं म्हणजे पेपर आधी फोडून मग मार्क सांगणं. असे रिपोर्ट सर्रास दिसतात. लपवलेल्या खुणा किती होत्या, उसात किंवा बांधापलीकडे एखादी होती का, की सगळ्या डांबरी रस्त्यावरच, एवढं विचारलं तरी समोरच्याचं काम कळतं.

स्वतः करून बघायचं असेल तर

सॉफ्टवेअर फुकट आहे. वेबओडीएम हा ओपन सोर्स प्रोग्रॅम फोटोंपासून उंचीचा नकाशा बनवतो. सुरू करताना डीएसएम आणि डीटीएम दोन्ही निवडा आणि निघालेल्या फाइली क्यूजीआयएसमध्ये उघडा. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन-तीनशे फोटो आरामात बसतात, बाकीचे तुकडे करून.

ड्रोनचे नियम मात्र आधी बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत आणि उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे बहुतेक कोल्हापूर त्यात येतं. हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. नकाशाच्या बाबतीत धोरण पूर्वीपेक्षा बरंच सैल झालंय. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांपासून भारतीय व्यक्ती आणि कंपन्यांना अगदी सूक्ष्म नकाशेही पूर्वपरवानगीशिवाय बनवता येतात.

ड्रोन नसेल तरी अडत नाही. बांधकामाच्या जागी वाळूचा ढीग पडलेला असेल, तर फोन घेऊन त्याभोवती दोन फेऱ्या मारा, एक छातीच्या उंचीवरून आणि एक हात वर करून. साठ-सत्तर फोटो घ्या, दर पावलाला एक. झूम करू नका. ढिगाजवळ दोन कागदी खुणा चिकटवून त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून ठेवा, समजा बरोबर ४ मीटर. फोटो वेबओडीएमला द्या आणि तयार मॉडेलमध्ये तेच अंतर मोजा. फोनच्या जीपीएसवर ते ४.३ मीटर भरलं तर फार वाटणार नाही, साडेसात टक्के तर चूक. पण घनफळात ती लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडे लागते. ४ ब्रास वाळू मॉडेलमध्ये जवळजवळ ५ ब्रास भरते.